योग्य वेळेची शस्त्रक्रिया

पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या घरी डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा, म्हणजे डीबीएसचा, विषय बहुधा उशिरा निघतो. गोळ्यांचे डोस वाढवून झालेले असतात, दोन डोसांमधले अंतर कमी करून झालेले असते, कुणी सांगितलेली तेले आणि काढेही करून झालेले असतात. मग एखादा नातेवाईक म्हणतो, आता शेवटचा उपाय म्हणून मेंदूचे ऑपरेशन करून बघा. दुसऱ्या टोकाला अशीही घरे असतात, जिथे निदान होऊन सहा महिने होत नाहीत तोच मुलगा एखादा व्हिडिओ दाखवतो. त्यात यंत्र सुरू करताच रुग्णाचा थरथरणारा हात स्थिर होतो, आणि घरच्यांना वाटते, एवढे केले की आजार गेला. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, पण पहिलीने केलेले नुकसान मला अधिक मोठे वाटते, कारण ते कुठे नोंदले जात नाही. शस्त्रक्रियेत बिघाड झाला तर त्याची चर्चा होते. ज्याला तिचा लाभ झाला असता तो रुग्ण वाट पाहत अपात्र झाला, तर त्याची चर्चा कुणी करत नाही. डीबीएस हा हरलेल्या लढाईतला अखेरचा डाव नाही. तिचा एक ठरावीक काळ असतो, तो ओळखता येतो आणि तो निसटूही शकतो. या प्रस्तावनेत मला एवढेच पुराव्यानिशी मांडायचे आहे.

ते पटवायचे तर सुरुवात गोळीपासून करावी लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातल्या पेशी डोपामाइन तयार करतात, आणि पार्किन्सन्समध्ये त्या हळूहळू नष्ट होतात. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये सशांवर प्रयोग केला. सर्पगंधेतून मिळणाऱ्या रिसर्पिन या द्रव्याने ते ससे निपचित पडले होते, आणि लेव्होडोपा देताच पुन्हा हालचाल करू लागले. पुढे 1960 मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंमध्ये डोपामाइनची तूट प्रत्यक्ष मोजली. 1967 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज कोटझियास यांनी लेव्होडोपाचे मोठे डोस तोंडावाटे, हळूहळू वाढवत दिले, आणि वर्षानुवर्षे जखडलेले लोक उठून चालू लागले. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली सिंडोपा ही याच वंशातली. लेव्होडोपापेक्षा प्रभावी औषध आजही निघालेले नाही. पण पहिली काही वर्षे सरली की मेंदूची डोपामाइन साठवण्याची क्षमता घटते आणि रक्तातल्या औषधाचा प्रत्येक चढउतार थेट शरीरात उमटू लागतो. चार-सहा वर्षांच्या उपचारानंतर साधारण चाळीस टक्के रुग्णांत हे दिसते. गोळीचा अंमल चढलेला असतो तेव्हा माणूस ‘ऑन’, उतरला की ‘ऑफ’. ऑफमध्ये पाय जमिनीला खिळतात, आणि ऑनच्या शिखरावर मान, खांदे, हात आपोआप वळवळू लागतात. डोस वाढवला तर वळवळ वाढते, कमी केला तर जखडण. या टप्प्यावर औषध निकामी झालेले नसते. ते अजूनही लागू पडते, फक्त त्याचा परिणाम सलग राहत नाही, आणि पुढचा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे.

शस्त्रक्रियेची वाट लेव्होडोपाच्याही आधीची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर डोक्याला धातूची चौकट बसवून, मोजमाप करून, मेंदूच्या खोल भागात सुई नेऊन तिथला छोटा भाग जाळण्याचे तंत्र आले. थॅलॅमसचा ठरावीक बिंदू जाळला की विरुद्ध बाजूच्या हाताचा कंप थांबत असे. पण जाळलेले परत येत नाही, आणि दोन्ही बाजूंना असे केले तर वाचा आणि तोल जाण्याचा धोका मोठा होता. लेव्होडोपा आल्यावर ही शस्त्रक्रिया जवळजवळ मागे पडली. ती परतली दोन वेगळ्या घटनांमुळे. पहिली फ्रान्समधल्या ग्रेनोबलची. तिथले न्यूरोसर्जन आलिम-लुई बेनाबिद थॅलॅमस जाळण्यापूर्वी, सुई नेमक्या जागी आहे ना हे पाहण्यासाठी, विजेचा सौम्य प्रवाह देत असत. सेकंदाला शंभरच्या आसपास स्पंदने दिली की काहीही न जाळता कंप थांबतो, आणि प्रवाह बंद केला की तो परततो, हे त्यांच्या लक्षात आले. मग जाळायचेच कशाला? एका बाजूला आधीच जाळलेल्या रुग्णांच्या दुसऱ्या बाजूला कायमची इलेक्ट्रोड ठेवून उत्तेजन दिल्याचा अनुभव त्यांनी न्यूरॉलॉजिस्ट पिएर पोलाक आणि सहकाऱ्यांसह 1987 मध्ये प्रसिद्ध केला.

दुसरी घटना कॅलिफोर्नियातली, आणि ती दुःखद आहे. 1982 मध्ये तिथे काही तरुण अचानक दगडासारखे थिजून रुग्णालयांत आले. विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा कळले, की या सर्वांनी हेरॉइनच्या नावाखाली विकलेला एक कृत्रिम पदार्थ टोचून घेतला होता, आणि त्यात मिसळलेल्या एमपीटीपी या विषाने त्यांच्या सबस्टॅन्शिया नायग्रातल्या नेमक्या त्याच पेशी मारल्या होत्या. त्या तरुणांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. पण या विषामुळे माकडांमध्ये पार्किन्सन्स निर्माण करून मेंदूच्या मंडलांचा अभ्यास करणे प्रथमच शक्य झाले. 1990 मध्ये हागाय बर्गमन, थॉमस विखमन आणि मॅहलॉन डीलाँग यांनी दाखवले, की अशा माकडांत सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा थॅलॅमसखालचा इवलासा भाग निकामी केला की जखडलेली माकडे पुन्हा हालचाल करू लागतात. म्हणजे डोपामाइन संपल्याने मेंदूचा एखादा भाग गप्प होतो एवढेच घडत नाही. एक भाग बेफाम होतो आणि बाकीच्या मंडलाला वेठीस धरतो. ग्रेनोबलच्या चमूने हा धागा उचलला आणि 1993 पासून माणसांत त्याच जागी उत्तेजन द्यायला सुरुवात केली. केवळ कंपच नाही, तर ताठरता आणि मंदगतीही कमी झाली. बेनाबिद आणि डीलाँग यांना 2014 चा लास्कर पुरस्कार एकत्र मिळाला. एकाचा शोध शस्त्रक्रियेच्या टेबलावर लागला होता आणि दुसऱ्याचा प्रयोगशाळेत, पण एकावाचून दुसऱ्याला पूर्णत्व आले नसते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचे वर्णन पुढच्या प्रकरणांत सविस्तर आले आहे, म्हणून इथे थोडक्यात. एमआरआयवर लक्ष्य ठरवून कवटीला छोटी छिद्रे पाडतात आणि जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची इलेक्ट्रोड आत नेतात. अनेक ठिकाणी रुग्णाला जागे ठेवून हात उघड-मिट करायला, अंक मोजायला सांगतात, म्हणजे परिणाम आणि दुष्परिणाम दोन्ही तिथल्या तिथे कळतात. त्वचेखालून नेलेली वायर गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या, पेसमेकरसारख्या यंत्राला जोडली जाते. तिथून सेकंदाला साधारण 130 स्पंदने जात राहतात, आणि त्यांचे प्रमाण बाहेरून, त्वचेला हात न लावता बदलता येते. शस्त्रक्रियेनंतरचे हे प्रोग्रॅमिंग काही महिने चालते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही प्रोग्रॅमिंगकडे दुर्लक्ष झाल्याने निराश झालेले रुग्ण असतात, म्हणून रुग्णालय निवडताना सर्जनइतकीच चौकशी या कामाचीही करावी.

आता मूळ मुद्द्याकडे. डीबीएस रुग्णाला काय देते याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर असे, की लेव्होडोपा दिवसाच्या सर्वोत्तम तासात जे देते, ते ती दिवसभर, सलग देण्याचा प्रयत्न करते. औषधाला न जुमानणारा कंप हा याला महत्त्वाचा अपवाद, कारण तो गोळीने न थांबताही उत्तेजनाने थांबू शकतो. बाकी बाबतींत जे लेव्होडोपाने सुधारत नाही ते डीबीएसनेही सहसा सुधारत नाही. म्हणूनच पात्रता ठरवताना रुग्णाची रात्रभर औषधे थांबवून सकाळी तपासणी करतात, मग लेव्होडोपाचा डोस देऊन पुन्हा करतात. गुणांत तीस टक्क्यांच्या वर सुधारणा दिसली तर शस्त्रक्रियेतून लाभाची शक्यता चांगली मानली जाते. या चाचणीतच वेळेचा प्रश्न दडलेला आहे. आजार जसा पुढे जातो तशी लेव्होडोपाला दाद न देणारी लक्षणे वाढत जातात: गोळी घेऊनही तोल जाणे, अडखळणारी वाचा, गिळताना ठसका, विस्मरण, भास. वयोमानाने इतर आजार जडतात. जो रुग्ण ‘अजून गोळीवर भागते आहे’ म्हणून थांबतो, तो ज्या आधारावर शस्त्रक्रिया यशस्वी होते तो आधारच झिजू देत असतो. सर्व उपाय संपेपर्यंत थांबणे हे इतर अनेक शस्त्रक्रियांत शहाणपणाचे असेल. इथे मात्र गोळी संपते तेव्हा बहुतेक वेळा डीबीएसही संपलेली असते.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत 255 रुग्णांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर डीबीएसच्या गटाला दिवसातले त्रासमुक्त ऑनचे सरासरी 4.6 तास जास्त मिळाले, तर सर्वोत्तम औषधोपचाराच्या गटात काहीच फरक पडला नाही. ज्याला स्वतःच्या हाताने जेवण, आंघोळ आणि एखादा फेरफटका हवा आहे, त्याच्यासाठी साडेचार तास म्हणजे अर्धा दिवस. त्या काळापर्यंतच्या बहुतेक चाचण्या आजाराला दहाबारा वर्षे उलटलेल्या रुग्णांवर होत्या. 2013 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतली ‘अर्लीस्टिम’ चाचणी प्रसिद्ध झाली. तिचे 251 रुग्ण सरासरी 52 वर्षांचे होते, आजार साधारण साडेसात वर्षांचा, आणि ऑन-ऑफची तक्रार सुरू होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नव्हता. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटाचे जीवनमान 26 टक्क्यांनी सुधारले होते. औषधांच्या गटाचे होते तिथेच होते. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डीबीएसची मान्यता आजाराला किमान चार वर्षे झालेल्या आणि अलीकडेच चढउतार सुरू झालेल्या रुग्णांपर्यंत वाढवली. चार वर्षांच्या अटीला कारण आहे. सुरुवातीला पार्किन्सन्ससारखेच दिसणारे मल्टिपल सिस्टीम अॅट्रफी किंवा प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी हे आजार तोवर सहसा आपले खरे रूप दाखवतात, आणि त्यांत डीबीएसचा उपयोग होत नाही. निदान झाल्याबरोबर ऑपरेशन मागणाऱ्या मुलाला याच कारणासाठी थांबवावे लागते.

आक्षेपांपैकी सर्वांत स्वाभाविक आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे आणि तो लपवू नये. मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता एक-दोन टक्के, जंतुसंसर्गाची त्याहून जास्त. वर उल्लेखलेल्या अमेरिकी चाचणीत डीबीएसच्या 121 पैकी 49 जणांना किमान एक गंभीर त्रास झाला, औषधांच्या 134 पैकी 15 जणांना. बहुतेक त्रास नंतर निवळले, पण एका रुग्णाचा रक्तस्रावाने मृत्यू झाला. हे आकडे वाचून जो नको म्हणेल त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. माझे म्हणणे इतकेच, की तराजूच्या दुसऱ्या पारड्यात शून्य नसते. ऑफमध्ये पडून खुब्याचे हाड मोडणे, नोकरी सोडावी लागणे, रात्री कूस बदलायलाही जोडीदाराला उठवावे लागणे, हा न केलेल्या शस्त्रक्रियेचा धोका आहे. आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शस्त्रक्रियेचा ताण सोसणारे शरीर पंच्याहत्तराव्या वर्षी तसे राहत नाही. धोक्याची भीती वाटते म्हणून थांबणारा माणूस अधिक धोक्याच्या वयाकडे चाललेला असतो.

दुसरा आक्षेप अभ्यासू लोक घेतात. अर्लीस्टिममध्ये कुणाला शस्त्रक्रिया झाली हे सर्वांना माहीत होते. मग सुधारणेचा काही भाग आशेचा नसेल कशावरून? पार्किन्सन्समध्ये आशेनेही मेंदूत डोपामाइन वाढते, म्हणून शंका रास्त आहे. पण यंत्र बंद-चालू करता येते, आणि त्यामुळे ही शंका तपासताही येते. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात, यंत्र चालू आहे की बंद हे रुग्ण आणि तपासनीस दोघांनाही न सांगता मोजमाप केले, तेव्हा सबथॅलॅमिक उत्तेजनाने हालचालींचे गुण 49 टक्क्यांनी सुधारलेले दिसले. जीवनमानाच्या आकड्यात अपेक्षेचा वाटा असेल, हालचालीतली सुधारणा मात्र केवळ अपेक्षेची नाही. उत्तेजन नेमके कसे काम करते याची पूर्ण उकल झालेली नाही हेही खरे. पार्किन्सन्सच्या मेंदूत सबथॅलॅमिक न्यूक्लियसच्या पेशी एका ठरावीक लयीत अडकतात, आणि बाहेरची वेगवान स्पंदने ती लय मोडतात, असे पुरावे सांगतात. उकल अपुरी आहे म्हणून मोजलेला परिणाम नाकारता येत नाही.

तिसरा आक्षेप मनाचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमधून हालचालीबरोबरच भावनेची आणि निर्णयाचीही मंडले जातात. उत्तेजनानंतर काही रुग्ण उतावीळ होतात, तर काही उदास, कारण शस्त्रक्रियेनंतर औषधे झपाट्याने कमी केली की आतला उत्साहच मावळतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात 0.45 टक्के रुग्णांनी शस्त्रक्रियेनंतर आत्महत्या केली, आणि धोका पहिल्या वर्षात सर्वाधिक होता. अर्लीस्टिममध्ये मात्र औषधांच्या गटातही आत्महत्या घडली. म्हणजे हा आजार आणि नैराश्य यांचे नाते शस्त्रक्रियेच्या आधीचे आहे. पण म्हणून जबाबदारी कमी होत नाही. शस्त्रक्रियेआधी मानसिक तपासणी आणि नंतरचे वर्षभर मनाकडे लक्ष, यांशिवाय डीबीएस करणे मला अनैतिक वाटते. काही परिणाम तर कुणाच्या कल्पनेतही नसतात. झुरिकच्या डॉक्टरांनी अशा नऊ रुग्णांची नोंद केली आहे, ज्यांना शस्त्रक्रियेनंतर चालता येत होते पण पूर्वी उत्तम येणारे पोहणे नाहीसे झाले होते. नदीकाठच्या किंवा कोकणातल्या रुग्णाला ही गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी.

डीबीएस आजार थांबवत नाही, हा आक्षेप नाही, वस्तुस्थिती आहे. ग्रेनोबलच्या 49 रुग्णांच्या 2003 मधील अहवालात पाच वर्षांनंतरही, औषधांविना, हालचालींचे गुण 54 टक्क्यांनी चांगले होते. कंप आणि ताठरता यांवरचा ताबा टिकला, पण वाचा सुधारली नाही, आणि गोळी घेतलेल्या अवस्थेतला तोल, चालताना अडकणे हे वर्षांबरोबर बिघडत गेले. अपेक्षा इथेच ठरवून घ्यावी. लेव्होडोपाही आजार थांबवत नाही, म्हणून कुणी ती नाकारत नाही.

पैशाचा प्रश्न मात्र युक्तिवादाने सुटणारा नाही. भारतात ही शस्त्रक्रिया नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून होते आहे, मुंबई त्यात आघाडीवर राहिली, पण खर्च बहुतेकदा दहा लाखांच्या पुढे जातो. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. रिचार्जेबल पंधरा वर्षे चालते, पण सुरुवातीलाच महाग पडते. बॅटरी संपल्यावर नवी परवडली नाही तर लक्षणे एकदम, कधी जिवावर बेतण्याइतकी, उसळतात. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या खर्चात दुसऱ्या बॅटरीचा विचार नसेल तर तो हिशेब अपुरा आहे, मग तो कुटुंबाचा असो की सरकारी योजनेचा. 1980 च्या दशकात मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा लाखात 328 जणांना पार्किन्सन्स आढळला. त्यामागचे एक मोठे कारण त्या समाजात वृद्धांचे प्रमाण जास्त असणे हे होते. उरलेला महाराष्ट्र आता त्याच वयाकडे निघाला आहे. खर्चाबरोबर माहितीही पोचायला हवी. गुडघेदुखीसाठी शेक घ्यायला गेलेल्या डीबीएसच्या रुग्णाला डायथर्मी दिली तर इलेक्ट्रोडची टोके तापून मेंदूला इजा होऊ शकते, आणि असे मृत्यू झालेले आहेत. ही सूचना तालुक्याच्या प्रत्येक फिजिओथेरपिस्टच्या भिंतीवर असायला हवी.

याहून चांगले काही येईपर्यंत थांबू, असेही पुष्कळ जण म्हणतात. मेंदूची लय स्वतः ओळखून प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या यंत्रांना 2025 मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. चिरफाड न करता ध्वनिलहरींनी नेमका बिंदू जाळण्याचे तंत्रही आले आहे, पण जाळलेले परत न येण्याची जुनी अडचण त्यात आहेच. पेशीरोपणावर काम चालू आहे. या सगळ्यांची वाट पाहता येते, पण आजार मात्र आपल्यासाठी थांबत नाही. यंत्राची बॅटरी बदलताना नवे तंत्र काही प्रमाणात घेता येते. गेलेली उमेदीची वर्षे तशी बदलून मिळत नाहीत.

राहिला प्रश्न ओळखायचे कसे. तज्ज्ञांनी यासाठी एक साधा निकष सुचवला आहे. रुग्णाला दिवसातून पाच किंवा अधिक वेळा लेव्होडोपा घ्यावी लागत असेल, किंवा दिवसाचे दोन तास तो ऑफ असेल, किंवा तासभर त्रासदायक वळवळ होत असेल, तर त्याला हालचालींच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. यातले एक जरी लागू असले तरी पुरे. याचा अर्थ शस्त्रक्रिया ठरली असा नाही. औषधांची फेरमांडणी करूनच काहींचे भागते, काहींना औषध सतत देणारा पंप लागतो, काही अपात्र ठरतात. पण ही नोंद करायला एमआरआय लागत नाही. वही, घड्याळ आणि घरातले एखादे लक्ष देणारे माणूस पुरते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत शुभंकर म्हणवणारे असे सोबती आहेत. आठवडाभर तासातासाला ऑन, ऑफ, वळवळ, झोप अशी नोंद करून ती न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवली, तर पाच मिनिटांच्या भेटीत जे सांगायचे राहून जाते ते कागदावर राहते, आणि डीबीएसचा प्रश्न वेळेत विचारला जातो.